पाहुण्याचं बोट

मार्सियानने धुलाईच्या मोठ्या यंत्राचं झाकण उघडलं, आत हात घालून उशीचा एक ओला अभ्रा बाहेर काढला आणि त्याची गाठ सोडली. आतून साखळीसकट लांडग्याचा सापळा निघाला. त्याने तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "लांडगा धरायचाय, की त्याच्याकडे सोयरीक घेऊन जायचंय?"

अगाथाने पुढच्या अभ्र्याची गाठ सोडली. रविवार होता, दवाखान्याच्या लाँड्रीत दुसरं कुणी नव्हतं, आणि सहा सापळे सहा अभ्र्यांत बांधून तिने दोनदा फिरवून काढले होते. वरून लॅव्हेंडरच्या वासाचं पाणीही ओतलं होतं. सव्वीस वर्षं ती इथे कपडे धूत होती. रक्त, ओकारी, म्हातारपण, मरण, सगळ्यांचे वास तिने चादरींतून काढले होते. फाटलेल्या चादरी ती अशा शिवायची की त्यांवर झोपणाऱ्याला पाठीखाली शिवण लागत नसे. आता लोखंडाला लागलेला माणसाचा वास काढायचा म्हटल्यावर तिला दुसरं काय सुचणार?

मार्सियान म्हणाला की हा वास लांडग्याला पलीकडच्या तळ्यावरून येईल, आणि तो आपल्या सगळ्या गोतावळ्याला सांगेल, दवाखान्यातली बाई येतेय, अंघोळी करून बसा. मार्सियान तिचा धाकटा दीर. तळ्याकाठच्या लाक ला प्ल्यूम गावात दिराने भावजयीची टिंगल करायची आणि तिने ती दामदुपटीने परत करायची, हा रिवाजच आहे. नाही केली तर लोक विचारतात, भांडलात का म्हणून. एरवी अगाथाने त्याला उभा सोलला असता. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "भावजी, मला नीट शिकवा. मला तो मारायचाय."

तो म्हणजे कोण, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

ओक्ताव, तिचा नवरा, तळं गोठायला लागलं त्या आठवड्यात गेला. लाकडं फोडता फोडता खाली बसला तो उठलाच नाही. मागे उरला त्याचा म्हातारा कुत्रा. अकरा वर्षं ओक्तावची बर्फावरची घसरगाडी ओढत पळालेला. नाव नापेव, म्हणजे बाप्या. ओक्तावला वाटायचं हा मोठा विनोद आहे. तो गेल्यावर शेजारणी म्हणायच्या, अगाथा, घरात एक तरी बाप्या आहे हो तुझ्या. ती हसायची, आणि त्याला मुठीएवढा, मूसच्या म्हणजे रानातल्या थोराड हरणाच्या मांसाचा तुकडा घालायची.

जानेवारीत एका संध्याकाळी रेडिओवर बिंगो चालू होता. अगाथाच्या कार्डावर एकच आकडा राहिला होता. बाहेर नापेव दोनदा भुंकला. तिला वाटलं, कोल्हा असेल. तिसऱ्यांदा तो भुंकला नाही. आकडाही आला नाही. सकाळी साखळीच्या टोकाला गळपट्टा होता, बर्फ लाल होतं, आणि आजूबाजूला पावलं होती. त्यांत पुढच्या उजव्या पायाचं पाऊल चारऐवजी तीनच बोटांचं.

ते पाऊल बघून ती खाली बसली. ती पावलं कुणाची हे तिला ठाऊक होतं, आणि त्याहून जास्तही काहीतरी ठाऊक होतं. पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. फक्त शिव्या दिल्या. लाँड्रीत दिल्या, दुकानात दिल्या, चर्चच्या पायरीवर पाद्र्यासमोर दिल्या. मेल्याचा मुडदा बसवीन, त्याचं कातडं दाराशी पाय पुसायला टाकीन. मग फेब्रुवारीत शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवसांचा सापळे लावण्याचा वर्ग भरला, तेव्हा सत्तावन्न वर्षांची अगाथा पुढच्या बाकावर जाऊन बसली. नव्याने परवाना काढणाऱ्याला तो वर्ग केल्याशिवाय गत्यंतर नसतं. शिकवायला आलेल्या माणसाने विचारलं, आजी, तुम्हाला कशाकशासाठी परवाना हवाय? मिंक, बीव्हर, मार्टेन? ती म्हणाली, एकासाठी. तो समजला, एका जातीसाठी.

परवाना मिळाला. ओक्तावचा रानाचा पट्टा तिच्या नावावर झाला. लांडग्याचा मोसम मार्चअखेर संपतो. तिच्या हातात पाच आठवडे होते.

मार्सियानने तिला सगळं पहिल्यापासून शिकवलं. सापळे अंगणात पिंपात टाकून स्प्रूसच्या सालीबरोबर दिवसभर उकळायचे, काळे होईपर्यंत. मग वितळलेल्या मेणातून काढायचे. मग हाताने शिवायचे नाहीत, बाहेर झाडाला टांगायचे, वाऱ्यावर. बर्फगाडीत पेट्रोल भरताना घातलेले हातमोजे सापळ्याजवळ न्यायचे नाहीत. अगाथाने हे लगेच उचललं. वास म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. मार्सियानच म्हणाला, वहिनी, तू चुकून बाईच्या जन्माला आलीस, नाक तर तुझं लांडग्याचं आहे. ती म्हणाली, आणि तुमचं बिनकामाचं, नाहीतर तुमच्या मोज्यांनी तुम्हीच मेला असता. मार्सियान खूश झाला. वहिनी ताळ्यावर येतेय असं त्याला वाटलं.

पट्ट्यावर, तळ्याच्या काठाला एक जुना बुंधा होता. लांडग्यांची वाट त्याच्या अगदी जवळून जायची. तिथे त्यांनी सापळा पुरला, वर चाळलेलं कोरडं बर्फ पसरलं. आमिष काय, तर नापेवच्या खोपटातलं गवत. दुसऱ्या कुत्र्याच्या मुताचा वास आला की लांडगा थांबल्याशिवाय राहत नाही. अगाथाने ते गवत अजून फेकलं नव्हतं. तिने मूठभर उचललं, नाकाशी नेलं, आणि बुंध्यापाशी ठेवलं.

मग मार्सियानने शेवटची गोष्ट सांगितली. सापळा जमिनीत असेतोवर त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्याला वाईट तर बोलायचंच नाही. घरातही नाही. त्याला ऐकू जातं.

"मग काय म्हणायचं?"

"पाहुणा म्हणायचं. पाहुणा आला का, पाहुणा येऊन गेला का."

अगाथाला शिव्या न देता जगायचं म्हणजे दम कोंडून जगण्यासारखं होतं. पण तिने ते पाळलं. रोज दुपारी तीनला लाँड्री बंद करून ती बर्फगाडीवर पट्ट्यावर जायची, उजेडातच परत यायची. दुकानात कुणी विचारलं की ओठ आवळून म्हणायची, पाहुणा अजून आलेला नाही. बाया तोंडाला पदर लावावा तशी टोपी ओढून हसायच्या. सगळा राग ती यंत्रांवर काढायची. दोन यंत्रांची दारं तिने त्या महिन्यात मोडली.

पाहुणा यायचा. पण चाळीस पावलांवर थांबायचा, बुंध्याला पूर्ण फेरी घालायचा, आणि निघून जायचा. तीन बोटांचं पाऊल प्रत्येक वेळी तिथेच थबकलेलं. सापळा दोनदा हलवून पाहिला, गवत बदललं. तेच. मार्चची वीस तारीख आली, दुपारी छपरावरून पाणी गळायला लागलं, आणि एक दिवस त्या फेरीच्या वाटेवर तिला पिवळं झालेलं बर्फ दिसलं. सापळ्याकडे तोंड करून मुतून गेला होता.

तिथे तिचा बांध फुटला. तीन आठवड्यांचं साठलेलं सगळं तिने तळ्यावर उभं राहून बाहेर काढलं. त्याच्या आईपासून सुरुवात केली. मार्सियान बर्फगाडीवर बसून ऐकत राहिला. ती थांबल्यावर त्याने खाली उतरून सापळा उखडला आणि साखळी गुंडाळायला लागला.

"काय करताय?"

"आता कसला येतोय तो, वहिनी. घरी चल."

घरी चहा झाला, बॅनकच्या जाड भाकरीचा तुकडा मोडता मोडता मार्सियान म्हणाला, त्याला एक कळत नाही. इतका हुशार लांडगा, म्हातारा, रानात मूस असताना गावात साखळीपर्यंत आला कशाला? आणि सापळा ओळखतो तर बुंध्यापाशी रोज येतो कशाला? जणू काही हरवलंय आणि शोधतोय.

अगाथा उठली. कपाटाच्या वरच्या फळीवरून ओक्तावचा तंबाखूचा डबा काढून तिने टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत कापसावर एक वाळलेलं काळं बोट होतं, नखासकट.

सात वर्षांपूर्वी त्याच बुंध्यापाशी कोल्ह्यासाठी लावलेल्या सापळ्यात एवढंच सापडलं होतं. इथे हे सगळ्यांना माहीत असतं की सापळ्याने जिवंत जनावराचा जो तुकडा ठेवून घेतला तो आपला नसतो. तो लाल फडक्यात बांधून झाडाला लावायचा, त्याचा त्याला. मार्सियानने तेव्हा ओक्तावला बजावलं होतं, आणि ओक्तावने बांधलं म्हणून सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो मार्सियानच्या नकळत, बाहेरगावच्या आल्यागेल्याला डबा उघडून दाखवायचा. ज्याचं आहे तो येईल मागायला, म्हणायचा, आणि हसायचा.

मार्सियानने वाकून बोट नीट बघितलं.

"मग तो चोर नाही," तो म्हणाला.

"चोर नाही?" अगाथाचा आवाज अगदी हळू झाला. "बोट तुमच्या भावाने घेतलं. नापेवने काय केलं होतं? त्याला साखळी होती. मी घरात होते, भावजी. दोनदा हाक मारली त्याने मला."

मार्सियानने डब्याचं झाकण लावलं. म्हणाला, उद्या हे झाडाला बांधू, माफी मागू, सापळे कायमचे टांगून ठेवू. ओक्तावची चूक ओक्तावबरोबर संपेल. अगाथाने डबा स्वतःकडे ओढला.

"बांधणार नाही. सापळ्यामागे पुरणार."

 असं कुणी करत नाही. जनावराला त्याचंच हाड दाखवून फसवणं, हे बोलायलाही कुणी धजत नाही. मार्सियानने टोपी घातली, दारात थांबला.

"वहिनी, हे मी तुला शिकवलेलं नाही."

"नाही. हे माझं मीच शिकले."

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. हातमोजे स्वच्छ, सापळा नव्याने उकळलेला. बुंध्याच्या बुडाशी खड्डा करून तिने बोट ठेवलं, वर नापेवचं उरलंसुरलं गवत, आणि पुढे सापळा. मधली चकती बर्फाने अशी झाकली की तिची तिलाही दिसेना. एक शब्द बोलली नाही.

चौथ्या दिवशी पाहुणा आला होता.

लांबूनच तिला दिसलं, बुंध्यापाशी करडं काहीतरी बसलेलं. ती बर्फगाडी थांबवून ओक्तावची बंदूक घेऊन चालत गेली. लांडगा उठला नाही. डावा पाय सापळ्यात होता. उजव्या, तीन बोटांच्या पायाने खड्डा उकरलेला होता, आणि बोट बाहेर काढून समोर बर्फावर ठेवलेलं होतं. साखळी ओढाताण करून ताणलेली नव्हती. जवळ गेल्यावर अगाथाला दिसलं की हा पाहुणा नव्हे, पाहुणी आहे. तोंड पांढरं झालेलं, फासळ्या मोजता येतील अशा, आणि ओठ मागे घेतला तर सुळे हिरड्यांपर्यंत झिजलेले. या दातांनी मूस पडला नसता. साखळीतला म्हातारा कुत्राच पडला असता.

पाहुणीने तिच्याकडे बघितलं. अगाथानेही. तिला दया आली का? थोडी आली असेल. पण तिने बंदूक खाली घेतली नाही. एवढंच केलं, की आता बोलायला मोकळी होती तरी शिवी दिली नाही.

"ही नापेवची," ती म्हणाली, आणि चाप ओढला.

कातडं तिने एकटीने काढलं. शिकवायला मार्सियान नव्हता, म्हणून दोन दिवस लागले. कवटी आणि हाडं नेऊन तिने त्याच बुंध्याजवळच्या झाडाला बांधली, उंच, जिथे कुत्री पोहोचणार नाहीत. नापेवचा गळपट्टा खालच्या फांदीला अडकवला. बोटासाठी नेलेलं लाल फडकं मात्र तसंच घरी परत आणलं.

मार्चच्या शेवटच्या दिवशी मार्सियान आला. टिंगल करायची तयारी नव्हती त्याच्या तोंडावर. कातडं स्वयंपाकघरात फळीवर ताणून लावलेलं होतं, केस बाहेर, चारही पंजे कातड्यालाच ठेवलेले. अगाथा पाठमोरी उभी राहून कुणा रोग्याची चादर घडी करत होती. दाराशी पाय पुसायला काहीही टाकलेलं नव्हतं.

तो कातड्याजवळ गेला, वाकला, आणि उजवा पंजा तळहातावर घेतला. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजली. मग अंगठ्याने केस मागे सारून तो शोधत राहिला, आधी डोळ्यांनी, मग बोटांनी.

टाका कुठे घातलाय ते त्याला सापडलं नाही.