चार बाजार, एक जिलबी

अनसिंगचा बाजार

"घे वं बाई, काहून हात आखडून राह्यली?"

मदनसिंगने जिलबीची पुडी पुढे धरली होती. भागिरथाने चार वांगी आणि कोथिंबिरीची जुडी आधीच त्याच्या बाजूला सरकवली होती. पण तिचा हात मात्र पदरातच होता.

"आज नाई घेत मी."

"जळकी लागून राह्यली का?" त्याने पुडी उघडली, वास घेतला, कढईकडे संशयाने पाहिलं.

"जिलबी चांगली हाय, भाऊ. मीच बिघडली."

बाजार उठत होता. बारदानं झटकली जात होती, गाडीवाला अनसिंगच्या फाट्याकडे तोंड करून हॉर्न मारत होता. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. आठवड्याचे चार बाजार, चार गावं, आणि चारही ठिकाणी दोघांची दुकानं शेजारी. भट्टीचा धूर भाजीवर येतो म्हणून बाकीचे भाजीवाले लांब बसत. भागिरथाला धूर चालायचा, कारण जिलबीला आलेलं गिऱ्हाईक जाताना पावशेर वांगी न्यायचं. बाजार उठला की ती उरलेली भाजी त्याच्याकडे सरकवायची, तो उरलेली जिलबी तिच्याकडे. मग गाडी भरेपर्यंत ती पालथ्या पाटीवर बसून खायची. दिवसभर ती लोकांना तोलून द्यायची. दिवसात ही एकच गोष्ट कुणीतरी तिला न तोलता हातात द्यायचं.

"सांग तं खरं. झालं काय?"

"काई नाई झालं. नको म्हणतलं ना."

मदनसिंगने पुडी मिटली. मग वांगी उचलली, जुडी उचलली आणि तिच्या पाटीत परत ठेवली.

"फुकटची भाजी मी बी नाई घेत."

ती चार वांगी गाडीतून तिच्याबरोबर घरी आली.


त्याआधी तीन दिवस, दवाखान्यात

"गोड किती दिवसांनी खाता, आजी?"

"बाजार असला की."

"आणि बाजार कधी असतो?"

"आठवड्यात चार."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. कागदावर साखरेचा आकडा होता, तीनशे बारा.

"हे बंद करा."

"बंद म्हंजे किती बंद?"

"महिन्यातून एकदा."

"दोन दिवसांनी करा."

सून राखी शेजारी उभी होती. तिने सासूच्या कोपराला हात लावला. "आई, बाजार हाय का हा?"

"पंधरा दिवसांतून एकदा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं.

"चार दिवसांनी. मॅडम, बोहनीच्या टायमाले आली मी तुमच्याकडे."

डॉक्टरीणबाई खरंच हसल्या. मग त्यांनी तिला चप्पल काढायला सांगितली, आणि डाव्या पायाचा अंगठा पाहून हसायच्या थांबल्या.

"हे कधीपासून आहे?"

"चप्पल लागली. दिवाळीत."

"आता होळी आली, आजी."

पुढचा भाव भागिरथाने केला नाही.

"आठवड्यातून एकदा. एकच. नुसती नाही, जेवणाच्या जोडीला, आणि त्या दिवशी भाकर अर्धी कमी. पाय रोज कोमट पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा, निरखून बघायचा. आणि पाणी आधी दुसऱ्या कुणी तरी बघायचं. तुमच्या बोटांना आता गरम कळत नाही. पाय हवाय ना?"

"जमलं," भागिरथा म्हणाली. सौदा पटल्यावर गिऱ्हाइकाला म्हणायची तसं.


कॅलेंडर

राखीने लाल पेनाने दर आठवड्याला एक गोल केला. चौकोनातला गोल. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. बिनसाखरेचा चहा भागिरथा निमूट प्यायची आणि कपाला नावं ठेवायची. गोडाशिवाय राहणं तिला जमत होतं. तसं ते अवघड नव्हतं.

अवघड होता तो बाजार उठल्यावरचा अर्धा तास.


इंझोरीचा बाजार

तिने पुडी घेतली.

"घरी पोट्ट्यांसाठी," ती म्हणाली. मदनसिंगचा चेहरा सुटला. चवळीच्या शेंगा त्याने दोन्ही हातांनी उचलल्या. "अंजना वाटच पाह्यते तुह्या शेंगाची," तो म्हणाला. अंजना त्याची बायको. भागिरथाने तिला एकोणीस वर्षांत दोनदाच पाहिलं होतं, पण तिला कोणती भाजी कोवळी लागते आणि कोणती जून, हे पाठ होतं.

गाडी निघाली. पुडी मांडीवर होती. तिच्यात एक तुकडा मोडलेला होता, आणि मोडलेला तुकडा म्हणजे काही जिलबी नव्हे.

वाशीमचा नाका येईपर्यंत मोडलेले तुकडे बरेच झाले होते.

उरला कागद तिने पाटीत वांग्यांखाली सरकवला.


केनवडचा बाजार

तिथेही तेच.


मुंगळे

"आई, वांग्याले मुंगळे कधीपासून लागून राह्यले?"

राखी पाटी उपडी करून बसली होती. पाटीच्या विणीतून काळी रांग भिंतीकडे चालली होती. त्याच दिवशी सकाळी दवाखान्यातून दुसरा कागद आला होता. महिना झाला होता, कॅलेंडरवर चारच गोल होते, आणि साखर तीनशेच्या खाली उतरली नव्हती. अंगठ्याची कड काळी पडायला लागली होती.

"नवीन बियाणं हाय," भागिरथा म्हणाली. "गोड वांगी."

राखी हसली नाही. भांडलीही नाही. तिने पाटी गरम पाण्याने धुतली, उन्हात ठेवली आणि आत जाऊन पोळ्यांचं पीठ परातीत काढलं. तिची पाठ बराच वेळ दिसत राहिली. भागिरथाला शिव्या चालल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी गाडीत राखी तिच्या शेजारी येऊन बसली.

"तू कुठी?"

"केनवडले."

"कायले वं?"

"तुमी कोणाच्या हातची खाता ते पाहाले."


केनवड, पुन्हा

राखीने बाजार उठायची वाट पाहिली. मदनसिंगने पुडी बांधायला घेतली, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, ही पुडी पोट्ट्यांले भेटतच नाई."

मग तिने सगळं सांगितलं. तीनशे बारा, आठवड्यातून एक, कोमट पाणी, मुंगळे. भागिरथा पाटीत हात घालून उगाच वांगी मोजत होती. राखीने खाली बसून सासूच्या पायाची पट्टी सोडली. मदनसिंग वाकला. एक गिऱ्हाईक "पावशेर द्या" म्हणत उभं होतं, त्याच्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"ही कढई माह्या बापाची व्हय," तो म्हणाला. "त्याचं बी असंच सुरू झालतं. अंगठ्यापासून. घरी त्याचा डाव्या पायाचा बूट अजून नवाच हाय."

गिऱ्हाईक निघून गेलं.

"मले काहून नाई सांगतलं तू?"

"तू भाजी वापस केली असती."

"केलीच असती."

"मंग?" भागिरथा म्हणाली.

मदनसिंगने तिच्याकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं, आणि पुडीतली जिलबी परत परातीत ओतली. कढई उतरवली. खाली निखारे लाल होते. ते तो रोज पाणी मारून विझवायचा. आज त्याने त्यांच्यावर पितळेचं पातेलं ठेवलं आणि त्यात प्यायच्या घागरीतलं पाणी ओतलं.

"तीन बाजार पाणी. एक बाजार जिलबी. भाजी चारही बाजार पाह्यजे."

"दोन बाजार पाणी, अन्—"

राखीने मान वर केली.

"बरं," भागिरथा म्हणाली. "तीन."

पाण्यातून वाफ यायला लागली तसं मदनसिंगने पातेलं उतरवलं, गार पाणी मिसळलं आणि आत हात घालायला लागला.

"तू हात नको घालू," भागिरथा म्हणाली. "उकळत्या तेलाजवळ जन्म गेला तुह्या हाताचा. त्याले काय कळते?"

त्याने हात मागे घेतला, बाही सारली आणि कोपर बुडवलं. थोडा विचार केला. आणखी एक तांब्या गार पाणी ओतलं, पुन्हा कोपर.

"आता धू."

एवढ्या बाजारात पाय धुवायची तिला लाज वाटली. मदनसिंगने तिच्याकडे पाठ केली आणि कढई घासायला घेतली. राखेने घासत राहिला, ती स्वच्छ झाल्यावरही. भागिरथाने पाय धुतला, बोटांच्या मधली जागा पदराने टिपली, निरखून पाहिलं. मग त्याच्या बाजूला ढेमसे सरकवले.

त्या दिवशी ते तिच्या पाटीत परत आले नाहीत.


अनसिंग. लाल गोलाचा दिवस

दुपार. बाजार भर रंगात. भागिरथाने जेवणाचं फडकं सोडलं, भाकरीतली अर्धी मोडून परत बांधली आणि वरणाच्या डब्याचं झाकण काढलं. अंगठ्यावर पट्टी होती, पण काळी पडलेली कड आता लालसर दिसायला लागली होती.

"बाई, इकडे पाह्य."

मदनसिंग झारा निथळवत उभा होता. कागदावर एकच जिलबी होती, आताच पाकातून काढलेली.

"आत्ता? बाजार तं उठूदे."

"उरलेली नाई देत तुले आता. एकच खायची, तं गरम खा."

तिने कागद घेतला. बोटांना चटका बसला, हाताच्या बोटांना, आणि तो कळला. भाकरीचा घास, वरण, आणि मग जिलबीचा तुकडा. बाहेरचं कवच दाताखाली कुरकुरलं आणि आतला पाक पळायच्या आत तिला ओठ मिटावे लागले.

ती चावायची थांबली.

"अशीच राह्यते का रोज?"

"ताज्या घाण्याची राह्यते."

"एकोणीस वर्सं," भागिरथा म्हणाली. मदनसिंगने झारा कढईत घातला. त्याचे कान लाल झाले होते, भट्टीमुळे असतील.

"वांगी कशी दिली?" एका बाईने विचारलं.

भागिरथाने डावा हात वर केला. थांब.

बाई थांबली. तिच्यामागे आणखी दोघी येऊन थांबल्या. जिलबीचं शेवटचं वेटोळं अजून बाकी होतं, आणि तराजूचं रिकामं पारडं वाऱ्यावर हळूहळू हलत होतं.