निळा उजेड आणि सोनवणे सरांचे भाषण

मी एक जुना काचेचा तुकडा आहे. काडेपेटीएवढा, कडेला काळे डाग पडलेला. पण मित्रांनो, हसू नका. ऐन तारुण्यात मी निळाशार उजळत होतो!

दोन हजार पाचच्या सुमारास नाशिकच्या एका कॉलेजात मोहिनी मॅडमनी मला घडवले. माझ्यात ना तार, ना वात. काचेवर सेंद्रिय रसायनांचे केसाहूनही पातळ थर आहेत. त्यांतून वीज गेली की ते स्वतःच उजळतात. अशा पदार्थांचे टिकाऊ पडदे बनावेत, हे मॅडमचे स्वप्न. माझे तांबडे-हिरवे भाऊ धडधाकट होते. आम्ही निळे मात्र जन्मतःच नाजूक. ओल लागली की मेलो, वीज जास्त झाली की मेलो.

आमचे रेणू एकमेकांना चिकटले की उजेड आतल्या आत विरून जाई. म्हणून मॅडमनी प्रत्येक रेणूला जाडजूड फांद्या जोडल्या. एसटीत कोपरे काढून बसणाऱ्या प्रवाशांसारखे आम्ही सुटे सुटे राहिलो. वर दुसरी काच ठेवून त्यांनी कडा घट्ट चिकटवल्या. थोड्याशा विजेतही मी छान उजळू लागलो.

मॅडमचे मार्गदर्शक सोनवणे सर मनाने मोठे, पण त्यांना दोन मोह होते: झगमगाट आणि भाषण. "वाढवा, अजून वाढवा!" म्हणत विजेचे बटण पिरगाळून त्यांनी माझ्या थोरल्या भावाला चहा संपायच्या आत यमसदनी धाडले होते.

एके दिवशी पुण्याहून तज्ज्ञांची समिती आली. मी टिकलो तर संशोधनाला मुदतवाढ, नाहीतर काम बंद. पाहुण्यांसाठी मखमलाबादच्या मळ्यातून गुलाब घेऊन आलेल्या मॅडमच्या आई, लताबाई, मागच्या बाकावर बसल्या. मी मंद उजळलो. सरांचा चेहरा पडला.

"एवढाच?" म्हणत त्यांचा हात बटणाकडे गेला.

"सर, हात काढा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी बटण तळहाताखाली झाकून धरले. "त्याला झगमगायचं नाहीये, टिकायचंय."

सरांनी हात मागे घेतला. ओशाळलेले सर मग दुसऱ्या मोहाकडे वळले. "दोन शब्द बोलतो," म्हणाले आणि त्यांनी गारगोटीपासून प्रकाशाचा इतिहास सुरू केला. कंदिलापर्यंत येईतो चहा गार झाला. एक तज्ज्ञ पेंगू लागले. लताबाई लेकीच्या कानाशी लागल्या, "मोहिनी, दिवा टिकंल गं, पण मी नाय टिकत!"

अखेर भाषण संपले. समितीच्या अध्यक्षांनी मोजून पाहिले. माझा उजेड तसूभरही उतरला नव्हता.

"सोनवणे सर, आभारी आहोत," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "याहून कठीण कसोटी आम्हाला सुचली नसती."

सगळ्यांत आधी सरच खदखदून हसले. मुदतवाढ मिळाली, आणि स्वतःला मिळालेला गुलाब त्यांनी मॅडमच्या हाती दिला.

पुढे माझ्याहून गुणी धाकटे जन्मले आणि मी कपाटात गेलो. तिथे एका हौशी पाहुण्याने आत काय आहे ते बघायला माझी कड नखाने उचकटली. ओल शिरली. हे डाग तेव्हाचे.

मित्रांनो, आता आमच्या जातीचे पडदे तुमच्या मोबाईलमध्येही येऊ लागले आहेत. ते दिसतात शांत, पण उजळताना कणाकणाने झिजतात. त्यांना उगाच ताणू नका. काम झाले की खुशाल विझवा. विझलेला पडदा रुसलेला नसतो, तो उद्याचा उजेड राखून बसलेला असतो.