बावीस मीटर

नवा हंगाम तोंडावर आला, तसं वेसाव्याच्या मच्छीमारांनी ठरवलं, समुद्रात जाळी बांधायचे जे चारशे खुंटे आहेत, त्यांतले सगळ्यांत जवळचे दोन शोधायचे. त्यांच्या मालकांनी रविवारी समोरासमोर बसून एक खुंटा हलवायचा, म्हणजे जाळी गुंतून फाटणार नाहीत. काम पडलं रुचिकाच्या गळ्यात. कॉम्प्युटर शिकली ना!

प्रत्येक खुंटा प्रत्येकाशी ताडून बघायचा तर जोड्या जवळपास ऐंशी हजार. रुचिका आळशी, म्हणजे हुशार. तिने पडद्यावर समुद्राचा नकाशा मधोमध कापला, अर्ध्याचे पुन्हा अर्धे केले आणि तुकड्यातुकड्यात जवळची जोडी शोधली. उत्तर आलं नव्वद मीटर.

दुपारी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास खिडकीतून येत होता. तिचा डोळा लागला. पडद्यावरचे खुंट्यांचे ठिपके पाण्यावर हलायला लागले, मधली रेषा मिठासारखी विरघळली आणि तिच्या दोन बाजूंचे दोन ठिपके हळूच शेजारी येऊन टेकले. ती दचकून जागी झाली. रेषेपलीकडचं तिने मोजलंच नव्हतं! चूक घरचीच म्हणायची. पप्पांचं सख्ख्या भावाशी, दादूकाकाशी, भांडण होऊन घराच्या मधे भिंत आली, त्याला अकरा वर्षं झाली. पलीकडे बघायची सवयच राहिली नव्हती.

तिने रेषेच्या दोन्ही बाजूंचा नव्वद-नव्वद मीटरचा पट्टा घेतला; याहून जवळची जोडी असलीच तर तिथेच. तिथे एकेका खुंट्याला चार-सहा शेजारी तपासले की भागतं. चुटकीसरशी उत्तर आलं, बावीस मीटर. एक खुंटा तिच्या वडिलांचा, भिकाजीचा. दुसरा दादूकाकाचा.

"पप्पा, एवढ्या जवळ? जाळी फाटतील ना!"

"अकरा वर्षांत फाटली काय?" भिकाजी जाळं शिवता शिवता म्हणाला. "मी माझं आधी उचलतो. मग थांबतो जरा."

"कशाला?"

"त्याची होडी येते. गातो तो, बेसूर. तेवढंच कानावर पडतं." त्याची सुई थांबली. "नव्वदवालीच जोडी लिही ना गं. खुंटा हलला की हे पण जाईल."

रुचिकाला भरून आलं. तरी तिने कागदावर खरी जोडी लिहिली, दोन्ही नावं एका ओळीत.

"रविवारी दोघांना बसावं लागणार, पप्पा. काकाला तूच सांग."

भिकाजी रागाने उठला, सदरा चढवला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

"दार उघडेल ना गं तो?"