एका कानाचा इअरफोन

मी इअरफोन बोलतोय. खरं तर कुजबुजतोय. माझा डावा कान कधीच गेलाय आणि उजव्याचाही भरवसा नाही. पिनजवळ वायर आतून तुटत आलीय. बोलता बोलता गप्प झालो, तर समजून घ्या.

जन्म कुठल्या कारखान्यातला, ठाऊक नाही. भान आलं तेव्हा कोठी बाजारातल्या फुटपाथवर भावंडांसोबत लटकत होतो. केदारनं मला घेतलं, बसमध्ये वापरलं, खिशात कोंबलं आणि स्वतःसाठी बिनवायरचे आणल्यावर नव्या बायकोला देऊन टाकलं. असा मी त्याच शहरातल्या नल्लकुंटा भागातल्या घरात अपर्णाच्या केसांआड राहायला आलो. तेव्हापासून जीव मुठीत धरून आहे.

अपर्णा उदगीरची, मराठी माध्यमात शिकलेली. लग्नानंतर केदारच्या मित्रांचं इंग्रजी ऐकत ती नुसती हसत बसली होती, गाल दुखेपर्यंत. मग तिनं ठरवलं, इंग्रजी शिकायचं, पण कुणाला कळू न देता. म्हणून गाणी. फोनवर शब्द सरकत. ती थांबवी, अर्थ बघे, पुन्हा लावी, ओठांतल्या ओठांत म्हणे. सगळी गाणी प्रेमाची, नाहीतर प्रेमभंगाची! भविष्यकाळ ती वचनांतून शिकली आणि भूतकाळ भांडणांतून. "मी जन्मभर तुझी वाट बघेन" हे तिला इंग्रजीत घडाघडा येई, "पावती देता का?" यावर मात्र कुणी गाणं लिहिलेलं नाही.

सासूबाईंनी, म्हणजे सुमनताईंनी, शेजारच्या सुनेला 'कानात बोळे घालून फिरणारी' असं नाव ठेवलं होतं. त्यामुळे त्यांची चाहूल लागली की अपर्णा मला उपटून डब्यामागे टाकी. एकदा तर मी कणकेतच पडलो.

"कोणाशी बोलायलीस गं मघापासून?" त्यांनी एकदा विचारलंच.

"कोणाशी नाही, आई. स्तोत्र म्हणत होते."

"हौ? मग मोठ्यानं म्हण की. मलाही पुण्य लागू दे."

केसांआड तिच्या कानाची पाळी अशी तापली की मला चटका बसला.

मग सिकंदराबादच्या एका दवाखान्यात रिसेप्शनची जागा निघाली. मुलाखत फोनवर, इंग्रजीत. फोन पडून त्याचा स्पीकर बिघडलेला; सगळी मदार माझ्यावर! सासूबाई देवळात गेल्यावर तिनं दार लोटलं.

पहिला प्रश्न मी नीट पोचवला. दुसऱ्याला पिनजवळ कळ आली. खर्रर्र... आणि मी मुका.

"हॅलो? हॅलो?" अपर्णानं पिन दाबली, फिरवली. आवाज येई, जाई. तिचा घाम माझ्यावर ओघळला. तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई! आता मी खिडकीबाहेर जाणार, याची मला खात्रीच झाली.

त्यांनी फोनकडे पाहिलं, सुनेच्या भरल्या डोळ्यांकडे पाहिलं. खाली बसल्या, पिनजवळची वायर चिमटीत धरून हळूहळू वाकवत गेल्या.

"आलं?"

अपर्णानं मान हलवली.

"मग बोल."

शेवटपर्यंत त्या तशाच बसल्या, श्वाससुद्धा जपून घेत.

"नोकरी कशासाठी हवी?" पलीकडून विचारलं. पाठ केलेलं उत्तर पार उडालं. आलं ते गाण्यांतलं इंग्रजी. "आय ॲम लोनली हिअर," अपर्णा म्हणाली. दिवसभर बोलायला कुणी नसतं, मला माणसांशी बोलायचंय, हेही तिनं न अडखळता सांगितलं. पलीकडचा आवाज मऊ झाला. सोमवारपासून या, म्हणाला.

फोन बंद झाला तरी चिमटी सुटली नव्हती.

"लोनली म्हणजे काय गं?"

अपर्णा खाली बघत म्हणाली, "एकटी."

"मी होते की घरात." आवाजात राग नव्हता. त्यांनी माझा डावा कान उचलून स्वतःच्या कानात घातला. "लाव तुझं स्तोत्र."

अपर्णानं गाणं लावलं. तो कान मेलेला. त्यातून काही ऐकू येत नाही हे तिलाही ठाऊक, मलाही. सासूबाई मात्र मान डोलवत राहिल्या. त्या दिवसापासून रोज दुपारी येऊन त्या तोच कान मागतात.

केदारनं अपर्णासाठी नवे इअरफोन मागवलेत. सोमवारच्या आत येतील म्हणे. मला टाकू नका हो! नव्यांचे दोन्ही कान धड असणार. मग सासूबाईंना खरोखरच गाणं ऐकू येईल. आणि नाही आवडलं तर?