टाकलेलं अक्षर

दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत सुनेने सासऱ्याचं नाव तर घ्यायचं नाहीच, त्या नावातलं अक्षरसुद्धा जिभेवर येऊ द्यायचं नाही. नोख्वेझीच्या सासऱ्याचं नाव न्यामेको. त्यामुळे वीस वर्षं तिने ‘न्या’ गिळला. खोसा भाषेत मांस, पाऊल या शब्दांतही ‘न्या’ येतो, म्हणून त्यांना दुसरेच शब्द वापरले. मुलगा म्हणजे ‘उन्याना’, तोही शब्द गेला. एकुलत्या एका पोराला पुरताना तो शब्द ओठांवर आला, तेव्हा सासूने दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला.

आज नवऱ्याने शहरातून दुसरी बायको आणली. तिने बिअरचं मडकं उचललं आणि खुशाल हाक मारली, “न्यामेकोबाबा, घ्या ना!”

सासू खो खो हसली. “शहरातली पोर ती, तिला काय कळतंय! आणि हल्ली पाळतंय कोण?”

“मग माझ्याकडून का पाळून घेतलंत, आत्याबाई?” नोख्वेझीने विचारलं.

“तू पाळलंस म्हणून!”

नोख्वेझी उठली, गोठ्यामागे पोराच्या थडग्यापाशी गेली आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी ओरडली, “उन्याना!”

इथवर सासूचा चिमटा पोचत नव्हता.