रक्तपेढीच्या संगणकाची एकुलती किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. पण मला दात नाहीत आणि मी कुठल्या कुलपातही फिरत नाही. मी अंगठ्याएवढी, काळ्या प्लास्टिकची. रक्तपेढीच्या संगणकाला मागून खोचलेली असते. रक्तदात्यांची माहिती सांभाळणारी प्रणाली उघडण्याआधी मला विचारते, "परवाना आहे ना?" मी "आहे" म्हटले की ती उघडते. उघडल्यावरही दिवसभर तिचे तेच. एकच उत्तर देऊन देऊन माझा जीव विटला आहे.

कंपनीने मला घडवले तेव्हा माझी नक्कल कुणालाच करता येऊ नये अशी तजवीज केली. काय तो माझा रुबाब! रक्तपेढीतल्या ताई मला मऊ फडक्याने पुसत. पुढे कंपनी बंद पडली, ताईंच्या मागे कामाचा व्याप वाढला आणि मी धूळ खात राहिले.

मग नवा संगणक आला. दुरुस्तीवाल्या काकांनी सगळी माहिती त्यात उतरवली आणि जुना डबा शेजारच्या भंगाराच्या खोलीत टाकला. त्याच्या पाठीला मी तशीच! तेवढ्यात प्रसूतिगृहातून निरोप आला. एका बाळंतिणीला दुर्मिळ गटाचे रक्त तातडीने हवे होते. तिची आई रक्तपेढीच्या दारात येऊन उभी राहिली.

"काका, हे परवाना नाही म्हणतंय! माहिती घातलीत ना सगळी?"

"सगळी आहे हो ताई, पण उघडतच नाहीये."

"मागे काळं काहीतरी खोचलेलं असायचं, ते कुठंय?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! मला वाटलं, कुणाचा तरी पेनड्राइव्ह राहिलाय."

"सापडेल ना हो?" दारातून बाळंतिणीची आई पुन्हा पुन्हा विचारत होती.

काका धावत आले, मोडक्या खुर्च्या बाजूला सारून त्यांनी मला उपसून नेले आणि नव्या संगणकाला खोचले. मी "आहे" म्हटले. दात्याचा नंबर मिळाला, तो हातातले काम टाकून आला आणि बाळंतीण वाचली. ताईंनी मला लाल दोऱ्याने संगणकाला बांधले. सगळे खूश झाले आणि पुन्हा मला विसरले.

मित्रांनो, मी फार थकले आहे. माझे टोक झिजले आहे, उत्तर द्यायला हल्ली उशीर होतो. मला जपा, असे मी म्हणत नाही. माझ्याशिवाय भागेल अशी सोय करा, आणि ती आजच करा. कारण उद्या दारात अशीच कुणाची आई उभी असेल, प्रणाली मला विचारेल, आणि मी "आहे" म्हणू शकेन की नाही, हे माझे मलाच सांगता येत नाही.