पंधरा दिवस न उघडायचा डबा

मित्रांनो, माळ्यावर पडलेल्या मला बघून तुम्ही म्हणाल, हा कसला गंजका डबा! म्हणा बापडे. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे खरा, पण एके काळी माझ्या पोटात दगडांना चमक यायची.

माझा जन्म दुधाच्या पावडरीसाठी झाला. ती संपल्यावर मुलुंडच्या एका चाळीत राहणाऱ्या सहदेव फिटरने मला आतून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं, आडवं ठेवलं आणि पाती तुटलेल्या टेबलफॅनच्या मोटरवर गरगर फिरवलं. आत दगड, पाणी आणि घासायची एमरी पूड. पंधरा दिवस अखंड घरघर. शेजारी वैतागायचे.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी. रत्नप्रभाची नजर तांदूळ निवडून निवडून तयार झालेली. शहाऐंशी सालची गोष्ट, मुलुंडला जिकडे तिकडे इमारती उठत होत्या. बाजारातून येताना ती खडीच्या ढिगापाशी हटकून थांबायची, पिशवी लेकीच्या हातात द्यायची आणि उकिडवी बसायची. काळ्या खडीत पांढरी रेघ दिसली की तो दगड पदरात. रेतीच्या ढिगात अकीक, नळाखाली गारगोटी, एकदा तर रेशनच्या डाळीत लाल खडा.

"बाई, खडी चोरता काय?" वॉचमन विचारायचा.

"चोरते कसली, निवडते," ती म्हणायची.

दहा वर्षांच्या अनुपमाला मात्र दम निघायचा नाही. "आई, उघडू ना गं? एकदाच बघते."

"अजिबात नाही. डबा एकदा फिरायला लागला की पंधरा दिवस कुणी हात लावायचा नाही. बाबांनीसुद्धा."

पंधराव्या दिवशी झाकण निघालं की मायलेकी ओले दगड गालाला लावून बघायच्या. तेवढं कौतुक मला पुरायचं.

मग रत्नप्रभाला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली.

स्मशानात ज्या खड्याने मडकं फोडलं, तो फडक्यात बांधून सहदेवने गॅलरीत टांगला. त्याला जीवखडा म्हणतात. गेलेलं माणूस समजून तो जपायचा आणि दहाव्या दिवशी पाण्यात सोडायचा. अनुपमाने विचारलं तेव्हा सुगंधाआत्या एवढंच बोलली, "दहा दिवस यात तुझी आई आहे. मग ती जाणार."

पोरीने ते मनावर घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, मोठ्यांचा डोळा लागलेला असताना तिने तो खडा काढून माझ्यात टाकला. वर पाणी, पूड, बाकीचे दगड. झाकण लावलं आणि बटण दाबलं.

मुरमाचा मऊ खडा तो, आणि सोबतीला टणक अकीक! मला तोंड असतं तर ओरडलो असतो हो. नुसता घरघरत राहिलो. सहदेवला वाटलं, पोरीचं मन रमतंय, फिरू दे.

दहाव्या दिवशी निघताना त्याने फडकं सोडलं. आत गुळगुळीत अकीक.

"अनू, खडा कुठाय?"

"डब्यात. आता पंधरा दिवस उघडायचा नाही. आईनेच सांगितलंय ना?"

सहदेव माझ्यापाशी आला. मग त्याने मोटर बंद केली आणि झाकण काढलं. एकेक दगड चाचपून बाहेर ठेवला. तो खडा नव्हताच. तळाशी नुसता राखाडी चिखल होता.

"बाबा, आई कुठाय?"

त्याने तिला जवळ ओढलं आणि दोघंही रडली. दुसरा खडा घेऊ, आत्या म्हणाली. "नको," म्हणून त्याने झाकण लावलं आणि मला छातीशी धरून खाडीवर नेलं. माझ्यावर तिळाचं पाणी पडलं. चिखल ओतू लागला तेव्हा अनुपमाने त्याचा हात धरला. "सगळी नको ना ओतू, बाबा."

त्यानंतर मी कधी फिरलो नाही. पाप माझ्या हातून घडलं, मला मान्य आहे. पण त्या लेकराला कुणी जवळ बसवून समजावलं असतं तर? घरातलं माणूस गेलं की मुलांना अर्धवट सांगू नका रे.

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला घासा, पुसा. माझं उलटं आहे. माझ्या रबराच्या सांध्यात बोटभर राखाडी चिखल सुकून बसलाय. वर्षातून एकदा अनुपमा मला खाली काढते, आत बोट फिरवते आणि झाकण लावून परत ठेवते. मला कुणी धुऊ नका.